लोहाराच्या धुराड्यातला पाऊस

म्हैसूरच्या आसपासचा पाऊस महाराष्ट्रातील शेतकऱ्याला थोडा चकवणारा वाटतो. तेथे वर्षाला सुमारे 800 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्याकडील मध्यम पावसाच्या तालुक्यांइतकाच; परंतु तो जून ते सप्टेंबर अशा एका सलग हंगामात पडून मोकळा होत नाही. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या सरी विजा आणि सोसाट्याच्या वाऱ्यासह येतात, मधल्या महिन्यांत पश्चिम घाटाच्या आडोशामुळे तो मंदावतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा जोर धरतो. या दोन्ही शिखरांच्या वेळी गावातील लोहाराकडे कामाची रीघ असते. पहिल्या वेळी नांगराचे फाळ शेवटून हवे असतात, दुसऱ्या वेळी नाचणीच्या आणि भाताच्या कापणीसाठी विळे. त्याखेरीज तुतीच्या बागा आहेत. म्हैसूर येथे केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आणि भोवतालच्या पट्ट्यात तुतीची छाटणी वर्षातून अनेकदा होते. बोथट कोयत्याने छाटलेली फांदी चिरफाळते आणि त्या चिरफाळ्यातून बुरशीला वाट मिळते. म्हणून धारदार हत्याराची गरज तेथे बाराही महिने असते.

कन्नडमध्ये लोहाराच्या भट्टीला ‘कुलुमे’ म्हणतात. कुलुमे काय किंवा आपल्याकडची भट्टी काय, ती पावसात बंद पडण्याचे कारण बहुधा कोळसा किंवा कारागीर नसतो. छपरावर उघड्या तोंडाने उभे असलेले धुराडे हेच ते कारण असते. विषय किरकोळ वाटतो, आणि म्हणूनच अवजारांच्या चर्चेत तो कधी येत नाही. मात्र पेरणीच्या तोंडावर चार दिवस भट्टी थंड राहिली, तर त्या चार दिवसांची किंमत लोहाराबरोबर वाफसा गमावणारा शेतकरीही मोजतो.

पाणी किती, आणि ते करते काय

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. लोहाराच्या भट्टीला शोभेल असे 30 सेंटिमीटर व्यासाचे धुराडे घेतले, तर त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ 0.07 चौरस मीटर भरते. 50 मिलिमीटरच्या एका वळवात त्यातून साडेतीन लिटर पाणी आत उतरते. म्हैसूरच्या वर्षभराच्या पावसाचे 56 लिटर होतात. कोकणात 3000 मिलिमीटर पाऊस धरला तर 210 लिटर. आकडे भयंकर नाहीत. छपराच्या एखाद्या फुटक्या कौलातून याहून अधिक पाणी गळते.

अडचण पाण्याच्या मापापेक्षा ते कोठे पडते यात आहे. धुराडे आगीच्या थेट वर असेल, तर साडेतीन लिटर पाणी काजळी धुऊन घेत कोळशावर येते. दगडी कोळशाच्या धुरात गंधक असतो; त्याची काजळी ओली झाली की आम्ल तयार होते आणि जस्ताचा पत्रा आतून पोखरला जातो. बाहेरून चांगले दिसणारे नळकांडे एखाद्या दिवशी बोटाच्या दाबाने फाटते, ते यामुळे. लाकडी कोळशाची राख ओली झाली तर क्षार सुटतो, आणि राखेचा चिखल भात्याच्या नळीच्या तोंडाशी घट्ट बसतो. भट्टी तापलेली असताना पाणी पडले तर मातीच्या अस्तराला तडे जातात, कारण मुरलेल्या पाण्याची वाफ आतल्या आत फुगते. पाण्याच्या थेंबाने उडालेला निखारा लोहाराच्या हातावर किंवा भाता हलवणाऱ्या मुलाच्या पायावर पडतो, हे वेगळेच.

‘धुराचा जोर थेंबाला वर ढकलून देतो’ हा समज पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. मोठा थेंब सेकंदाला 9 मीटरच्या आसपास वेगाने खाली येतो, मध्यम थेंब 6 ते 7 मीटरने. केवळ उष्णतेच्या बळावर चालणाऱ्या चार-पाच मीटर उंचीच्या धुराड्यात धूर साधारण 2 ते 4 मीटर वेगाने चढतो. थेंब जिंकतो. मोठ्या कारखान्यांत पंख्याने धूर इतक्या वेगाने बाहेर फेकतात की तेथे पाऊस आत येऊ शकत नाही. लोहाराच्या भट्टीत ते शक्य नाही. शिवाय रात्री भट्टी विझलेली असते आणि पाऊस तेव्हाही पडतो.

जुन्या म्हैसूरने काढलेली तोड

टिपू सुलतानाच्या पाडावानंतर, 1800-01 मध्ये फ्रान्सिस बुकानन याने कंपनी सरकारच्या आज्ञेवरून म्हैसूर, कानडा आणि मलबार या प्रदेशांचा प्रवास केला. त्याचा तीन खंडांतील वृत्तांत 1807 मध्ये लंडनला छापला गेला. पिके, जमिनी, अवजारे यांबरोबर लोखंड गाळणाऱ्यांच्या भट्ट्यांचीही त्याने बारकाईने नोंद केली. डोंगरातून वाहत येणाऱ्या ओहोळांत पावसाळ्यात काळी, लोहयुक्त वाळू साचे. कामकरी ती पावसाच्या महिन्यांत गोळा करून धूत, आणि उरलेल्या वर्षात ती भट्टीत गाळत. पावसाला अडवण्याच्या भानगडीत न पडता त्याला कच्चा माल आणण्याच्या कामाला लावायचे, अशी ही तोड होती. पोलाद करण्यासाठी मातीच्या मुशीत लोखंडाबरोबर तरवडाचे लाकूड घालून मुशीचे तोंड मातीने लिंपून टाकत. आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांनी डवरणारा तरवड तो हाच.

गाळणाऱ्याला ऋतू निवडता येत होता. गावच्या लोहाराला ती मुभा नाही. बलुतेदारीत त्याचे काम शेताच्या घड्याळाने चाले, आणि आज रोखीने चालले तरी घड्याळ तेच आहे. फिरस्ते घिसाडी झाडाखाली किंवा पालाच्या आडोशाला भट्टी मांडतात. त्यांना धुराडेच नसते आणि पावसाळ्यात त्यांचे काम आपोआप मंदावते. एका जागी शेड बांधून बसलेल्या लोहाराला मात्र धूर बाहेर काढणे आणि पाऊस बाहेर ठेवणे ही दोन्ही कामे एकाच भोकातून साधावी लागतात.

हा पेच घरांनाही होता. सोलापूर-पंढरपूरकडच्या माळवदाच्या घरांना उजेडासाठी आणि धुरासाठी साणे ठेवलेले असे. पाऊस आला की कोणीतरी धावत वर जाऊन त्यावर फरशी किंवा घमेले पालथे घाली. चुलीच्या बाबतीत ते चालून जाई. भट्टीच्या बाबतीत हीच सवय जीवघेणी ठरू शकते. पावसाळ्यात धुराड्याच्या तोंडात पोते कोंबायचे किंवा वर तेलाचा डबा उलटा घालायचा, आणि सर ओसरल्यावर तो तसाच विसरून भट्टी पेटवायची, असे प्रकार खेड्यापाड्यांत घडतात. काळा धूर दिसतो, डोळे चुरचुरतात, म्हणून माणूस सावध होतो. पण कोळसा चांगला फुलल्यावर धूर दिसेनासा होतो आणि कार्बन मोनॉक्साइड वायू मात्र तयार होतच राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होणे, मळमळ, पायांतील बळ जाणे ही त्याची लक्षणे असतात आणि ती उन्हाळ्याच्या थकव्यासारखी वाटतात. भट्टी पेटलेली असताना काढता-घालता येणारे कोणतेही झाकण धुराड्यावर असू नये, ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना आहे.

टोपी, बाही आणि पाण्याला वेगळी वाट

सर्वांच्या परिचयाचा उपाय म्हणजे पत्र्याची शंकूसारखी टोपी. 1980 च्या दशकात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ‘अस्त्र ओले’ ही तीन भांड्यांची चूल विकसित झाली, आणि धुराड्यावरची टोपी गावोगावी पोहोचली. जुन्या विस्तार कार्यकर्त्यांना तिचा अनुभव आहे. टोपी नळकांड्याच्या फार जवळ बसवली की चूल धूर ओकते, आणि मग घरातील बाई ती टोपीच काढून टाकते.

याचे गणित सोपे आहे. टोपीखालून धूर चहूबाजूंनी बाहेर पडतो. ही फट नळकांड्याच्या व्यासाच्या पावपट असेल, तर बाहेर पडण्याची जागा बरोबर नळकांड्याच्या तोंडाइतकी होते. पण धुराला तेथे वळावे लागते, काजळीही बसते. म्हणून फट व्यासाच्या निम्मी तरी ठेवावी. 30 सेंटिमीटरच्या नळकांड्यावर टोपी 15 सेंटिमीटर उंच हवी आणि तिचा व्यास नळकांड्याच्या दुप्पट हवा. अशी टोपी 45 अंशांपर्यंत तिरका पाऊस अडवते. वारा ताशी 23-24 किलोमीटर झाला की मध्यम थेंब 45 अंशांत तिरपा होतो. वळवाचा वारा याहून जोराचा असतो, आणि टोपीची मर्यादा तेथे उघडी पडते. जोराच्या झोतात ती धूरही खाली दाबते.

कारखान्यांच्या वायुवीजनात वापरली जाणारी एक रचना लोहाराच्या कामी अधिक येते, आणि ती आपल्याकडे फारशी कोणी करून पाहत नाही. नळकांड्याच्या वरच्या टोकाभोवती त्याहून अडीच सेंटिमीटर मोठ्या व्यासाचे दुसरे नळकांडे बाहीसारखे बसवायचे. या बाहीची लांबी मूळ व्यासाच्या चौपट, म्हणजे 30 सेंटिमीटरच्या धुराड्यासाठी 120 सेंटिमीटर. तिचे खालचे 15 सेंटिमीटर आतल्या नळकांड्यावर उतरलेले असावेत, आणि तीन ठिकाणी पट्ट्यांनी ती अशी धरावी की भोवताली सव्वा सेंटिमीटर फट सगळीकडे सारखी राहील. वर काहीही झाकण नाही. तिरका थेंब बाहीच्या आतल्या भिंतीवर आपटतो, भिंतीवरून ओघळतो आणि फटीतून बाहेर पडतो. पाऊस सरळ उभा पडत असेल तरच तो थेट आत जाईल. वारा ताशी 7-8 किलोमीटर असला तरी मध्यम थेंब बाहीच्या भिंतीला लागल्याखेरीज खालपर्यंत पोहोचत नाही. टोपी वाऱ्यात हरते आणि बाही वाऱ्यात जिंकते, असा हा प्रकार आहे. धुराला कोठेही वळावे लागत नाही आणि धुराड्याची उंची वाढल्याने ओढ सुधारते, हा वरचा फायदा. खर्च एका पत्र्याचा आणि लोहाराच्या स्वतःच्या मेहनतीचा. एवढ्या उंच नळकांड्याला तीन बाजूंनी तारेचे ताण मात्र द्यावेच लागतात, नाहीतर पहिल्याच वळवात ते शेजारच्या गोठ्यावर जाईल.

एवढे करूनही थोडे पाणी येणारच. म्हणून धुराडे आगीच्या डोक्यावर ठेवूच नये, हा विचार अधिक मुळाशी जातो. भट्टीच्या मागच्या भिंतीत, आगीच्या बाजूला तोंड ठेवून धूर आडवा ओढून घ्यावा आणि मग उभ्या नळकांड्यात सोडावा. उभ्या नळकांड्याचे खालचे टोक धुराच्या प्रवेशापासून हातभर खाली न्यावे, त्याला काढता येणारे बूड लावावे आणि बुडाला बोटभर जाडीचे भोक ठेवावे. वरून आलेले पाणी आणि सुटलेली काजळी या कप्प्यात पडते, पाणी भोकातून निथळते, काजळी आठवड्याला काढता येते. आग कोरडी राहते. बांधाला सांड ठेवणाऱ्या शेतकऱ्याला यामागचे तत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज पडत नाही. बाजूने ओढणाऱ्या तोंडाचा आणखी एक गुण असा की लोहाराच्या चेहऱ्यासमोरून धूर जात नाही.

नळकांड्याचा व्यास कमी करण्याचा मोह आवरावा. चुलीसाठी पुरेसे होणारे 10 सेंटिमीटरचे नळकांडे भट्टीला चालत नाही. 25 ते 30 सेंटिमीटर हवेच. चामड्याच्या भात्याच्या जागी विजेचा पंखा आल्यापासून तर अधिकच, कारण कोळसा पेटवताना धुराचा लोंढा एकदम उठतो. धुराड्याचे तोंड छपरातून जेथे बाहेर पडते त्या जागेपासून किमान मीटरभर उंच असावे, आणि तीन मीटरच्या आत कौलारू पाखे किंवा भिंत असेल तर तिच्याहून दोन हात वर.

छपराच्या सांध्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ‘धुराड्यातून गळते’ या तक्रारीत अनेकदा पाणी धुराड्याच्या आतून येतच नसते. ते नळकांड्याच्या बाहेरच्या अंगावरून ओघळत छपराच्या भोकातून खाली येते. बाहीच्या फटीतून निथळणारे पाणीही याच वाटेने येणार. मंगळुरी कौलांच्या छपरात चौकोनी पत्रा वरच्या बाजूला कौलांच्या खाली आणि खालच्या बाजूला कौलांच्या वर येईल असा बसवावा. या कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरूत काढला, आणि म्हैसूरपासून कोकणापर्यंत त्यांनी गवताची छपरे हटवली. पण कौल नळकांड्याच्या गोलाईला कधीच जुळत नाही. पत्र्याच्या भोकाच्या वर, नळकांड्याला घट्ट आवळलेली, झग्यासारखी पसरणारी पत्र्याची कॉलर लावली की ओघळ कौलांवर जातो. डांबराने फट बुजवणे टिकत नाही. नळकांडे तापते तसे ते सुटते. वासा आणि नळकांडे यांत वीतभर अंतर राहू द्यावे.

धुराड्यातील बिऱ्हाडकरू

ओल्या वाशाकडे सर्वप्रथम लक्ष जाते ते वाळवीचे. तिला लाकडाइतकीच ओल हवी असते. भट्टीच्या शेडमधील बाकीचे लाकूड धुराने आणि उष्णतेने कोरडे असते, परंतु धुराड्याशेजारचा गळणारा वासा ओला राहतो, आणि मातीच्या नळ्या खांबावरून चढत नेमक्या तेथे पोहोचतात. कीटकनाशक ओतण्यापूर्वी गळती थांबवावी. ओल तुटली की निम्मे काम होते.

वाळवीचा दुसरा संबंध उपकाराचा आहे. वारुळाची माती बारीक कणांची, लाळेने बांधलेली आणि खडे नसलेली असते. भट्टीला आतून लिंपण्यासाठी ती अनेक प्रदेशांत वापरली गेली आहे. दक्षिण कर्नाटकात ओडोंटोटर्मिस ओबेसस या वाळवीची उभ्या कंगोऱ्यांची उंच वारुळे सर्रास दिसतात. एवढा उंच मनोरा, आत लाखो जीव आणि बुरशीच्या बागा, आणि माथ्यावर एकही उघडे भोक नाही. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या वारुळांचे श्वसन मोजले गेले. दिवसा बाहेरचे कंगोरे लवकर तापतात, हवा त्यांतून वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते; रात्री हा प्रवाह उलटतो. वायूंची देवघेव सच्छिद्र भिंतीतून होते आणि पाऊस बाहेरच राहतो. वारुळाची नक्कल करून इमारती बांधण्याचा उत्साह जगभर आहे, पण लोहाराला त्याचा उपयोग नाही. काजळी धरणारा धूर सच्छिद्र भिंतीतून एक दिवसही जाणार नाही. वारुळाकडून लोहाराने माती घ्यावी, रचना घेऊ नये.

बंद पडलेल्या धुराड्यात इतरही पाहुणे येतात. सातेरी मधमाशी अंधाऱ्या पोकळीत समांतर पोळी बांधते. काही महिने थंड असलेले नळकांडे तिला झाडाच्या ढोलीसारखेच वाटते. आग्या आणि फुलोरी उघड्यावर पोळे करतात, त्यामुळे त्या आत शिरत नाहीत. सातेरीच्या वसाहतीखाली भट्टी पेटवली तर मेण 65 अंशांच्या आतच वितळते, खाली ओघळते आणि पेट घेते. चवताळलेल्या माशा शेडमध्ये उतरतात. भट्टी पुन्हा सुरू करण्यापूर्वी खालून आरसा धरून वरचे आकाश दिसते का ते पाहावे. दिसले नाही तर पेटवू नये, मधपाळाला बोलवावे. त्याला वसाहत फुकट मिळते आणि लोहाराला धुराडे मोकळे मिळते.

कुंभारीण माशीचे प्रकरण अधिक चिवट असते. ती आडोशाच्या कोरड्या जागी चिखलाच्या कोठ्या बांधते, त्यांत लुळे केलेले कोळी साठवते आणि अंडे घालून तोंड बंद करते. वर वर्णन केलेल्या बाहीची सव्वा सेंटिमीटरची फट म्हणजे तिच्यासाठी तयार ओटा. फट दोन-तीन ठिकाणी बुजली की निथळणारे पाणी अडते आणि आतल्या नळकांड्यात सांडते. पक्षी आत येऊ नयेत म्हणून जाळी बसवायची असेल तर ती बोटभर आकाराची असावी. बारीक जाळी काजळीने महिन्याभरात बुजते आणि तिचे झाकण बनते.

हत्याराला पाणी देण्याची कुंडी बंद शेडमध्ये भरून ठेवलेली असेल, तर तिच्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अळ्या आठवड्याभरात दिसू लागतात. भट्टी थांबवताना कुंडी पालथी करावी.

हे सारे पाहण्याची वेळ म्हैसूरकडे मार्च अखेर आहे, कारण पहिली सर एप्रिलमध्ये येते. महाराष्ट्रात अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, फाळ भट्टीवर येण्याआधी, एक दिवस पुरतो. कॉलर हलवून पाहावी, ताणाच्या तारा कसाव्यात, बाहीची फट तारेने फिरवून मोकळी करावी, खालच्या कप्प्याचे बूड काढून काजळी झटकावी. त्यानंतर वरून बादलीभर पाणी ओतावे आणि ते कोठून बाहेर येते ते खाली उभे राहून पाहावे. विस्तार कार्यकर्त्याने त्या दिवशी तेथे असावे. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत 2023 पासून लोहाराचा समावेश आहे, आणि अवजारांचा अर्ज भरताना भट्टीच्या शेडकडे पाहण्याची संधी अनायासे मिळते. पाणी कप्प्याच्या भोकातून बाहेर आले आणि भट्टीतील राख कोरडी राहिली, तर फाळ त्याच दुपारी तापवायला घेता येतात.